दारातली झोप

मुलीला टेस्टला सोडायला गेलो, तेव्हा प्रतापनगरातल्या तिच्या कोचिंग क्लासच्या दारात एक तरुणी रांगोळी काढत बसली होती. विशीतली असेल. ओढणी कमरेला बांधलेली. चिमटीतून रेघ सुटताना श्वास रोखायची. टॉपर मुलांच्या सत्कारासाठी तिला बोलावलं होतं. तिने मात्र दार अडवून, पुस्तकावर गाल टेकून झोपलेली एक मुलगी काढली होती.

क्लासचे सर बाहेर आले. "हे काय काढून राहिली वं? टॉपरचे चेहरे सांगितले होते ना तुले?"

"ते तर बोर्डावरच्या फोटोंत आहेतच, सर. हिलेच कुठी जागा नव्हती."

"पुसून टाक."

तिने बोटांवरचा रंग फुंकला आणि कोपऱ्यातला झाडू त्यांच्यापुढे धरला. "मी काहून उठवू? आत्ताच डोळा लागला तिचा. तुम्हीच उठवा."

इतका निवांत चेहरा त्या बोर्डावर एकही नव्हता.

सरांनी झाडू घेतला नाही. मुलं चपला हातात घेऊन कडेकडेने आत जाऊ लागली.

"चल लवकर, टेस्ट सुरू होईल!" मी मुलीवर ओरडलो.

माझ्याकडे वळून माझ्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं.