पेन्सिलीने आखलेला तलाव

बंदराच्या कचेरीत त्यांना सगळे खोडरबर म्हणत, आणि तेही हाकेला ओ देत. काम तसंच होतं. कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला कधी लागणार, याचा तक्ता आखायचा आणि वारा फिरला किंवा इंजीन बिघडलं की आखलेलं पुसायचं. म्हणून कचेरीचा एक नियम होता: जहाजाचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला बांधल्याचा फोन येईपर्यंत तक्त्याला शाई लावायची नाही. चौतीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला आणि एकदाही दोन जहाजं एका जागेवर आणली नाहीत. माणूस कामाला वाघ. घोडं अडलं ते घरी, कारण हा नियम ते घरीही घेऊन आले.

सात नंबरची बस शहरामागे जिथे वळते, तिथून जंगल सुरू होतं आणि आत पाच किलोमीटरवर तलाव. फाटकावर पाटी होती, 'चढण मध्यम, जाऊन-येऊन चार तास.' लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायको म्हणाली होती, "एकदा जाऊ या ना तिथे." बेकरीच्या काउंटरमागे दिवसभर उभी राहणारी बाई, तिचं मागणं एवढंच. खोडरबरांनी त्याच संध्याकाळी एका रद्दी तक्त्याच्या पाठीमागे आखणी केली. बस किती वाजताची, पहिला बाक कुठे, फाटे किती, डबा कुठे उघडायचा. तारीख अर्थातच पेन्सिलीने.

मग एक जहाज उशिरा आलं. तारीख पुसली. पुढच्या खेपेला आभाळ भरून आलं. मग साहेबांची बदली, लेकीची परीक्षा, बुटाचा निघालेला तळ. शोधलं की कारण मिळतंच. आपण टाळतोय असं त्यांना वाटतच नव्हतं, खरी गोम तीच. तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचलेला आहे, म्हणजे तलाव कुठे पळून जातोय? तारखेच्या जागी कागद घासून घासून पातळ झाला. मधोमध एक घडी कधी पडली, हे मात्र त्यांना कळलं नव्हतं.

यंदा ते निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात बायकोचे गुडघे दाखवायला नेले. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "तीन आठवड्यांनी ऑपरेशन करू. पण चढणबिढण आता कायमची विसरा."

खोडरबरांनी घाईने विचारलं, "त्याआधी एकदा, हळूहळू चाललं तर?"

"चाला. दुखलं की थांबायचं, एवढं पाळा."

घरी येताच त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. इतक्या वर्षांत झालं नाही ते तीन आठवड्यांत करायचं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण निदान निघालं तरी होतं. "या रविवारी जायचं," ते म्हणाले. "दर पाव तासाला बसायचं. पहिल्या बाकावर जरा जास्त. मग दुसऱ्या फाट्याला डावीकडे..."

"उजवीकडे," बायको म्हणाली. ती समोर बसून मटार सोलत होती.

"अगं, नकाशात डावीकडे आहे."

"डावीकडचा पूल पडलाय. तिथून परत यावं लागतं."

पेन्सिल थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

तिने हातातली शेंग सोलून संपवली. "मी गेले होते."

"कधी?"

"लेक दहावीत होती तेव्हा. सकाळी सहाला तुम्हाला फोन आला, तुम्ही तारीख पुसलीत आणि निघून गेलात. दोघांचा डबा भरून तयार होता. म्हटलं, आता याचं काय करू? तुमच्या कागदाची घडी केली, पिशवीत टाकली नि बसमध्ये बसले."

ते त्या घडीकडे बघत राहिले. "सांगितलं का नाहीस मला?"

"काय सांगायचं? इतकं मन लावून आखत होतात. सांगितलं असतं तर आखणंही सोडलं असतंत." ती किंचित हसली. "काठावर बसून खूप रडले त्या दिवशी. मग भूक लागली. तुमच्या वाटणीचंही खाऊन टाकलं."

आयुष्यभर जहाजांना जागा करून देताना आपण या बाईला एक रविवार दिला नाही, हे खोडरबरांना इतक्या लख्ख कधी दिसलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "आता कुठवर चालवेल?"

"खरं सांगू? पहिल्या बाकापर्यंत."

त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि त्या पातळ झालेल्या जागी लिहिलं: रविवार, सकाळी आठ, पहिला बाक.

रविवारी आभाळ भरून आलं होतं. त्यांनी वर बघितलं आणि छत्री घेतली. अर्ध्या तासाची वाट, दोघांना सव्वा तास लागला. बाकावर टेकून ती गुडघे चोळू लागली. "तुम्ही जाऊन या वर. मी बसते इथे."

"नको. तूच सांग, कसा आहे तलाव?"

तिने थोडा विचार केला. "पाणी हिरवट आहे. पलीकडच्या काठाला एक झाड आडवं झालंय. फार मोठा नाही हो. तुमच्या कागदावर आहे त्याहून लहानच."

त्यांनी डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिने आपल्यापुरतं घेतलं आणि अर्धं त्यांच्याकडे सरकवलं.