दोन भावांचं एक ताट
वाफवलेल्या धानाचा वास आला की गोंदियातली ती मोठी राइस मिल आठवते. कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या कशा टिकतात, यावर मी तेव्हा प्रबंध लिहीत होते. मालक असलेल्या दोघा भावांना मी भाबडेपणाने विचारलं, "तीन पिढ्या मिल कुणामुळे टिकली?" "आता माझ्यामुळे," थोरले म्हणाले. धाकटे उसळले, "असं? मग आजच बटवारा करा!" टेबलावर मुठी आपटल्या. माझ्या प्रश्नाने मिल फुटली, या धास्तीने मी वही मिटून उठायला लागले. तेवढ्यात घरून डबा आला. थोरल्यांनी एकाच ताटात भात वाढला, धाकट्यांना जवळ ओढलं आणि मला म्हणाले, "घाबरून काऊन राहिली पोरी? हे आमचं रोजचंच होय." माझा जीव भांड्यात पडला. परवा किराणा दुकानात त्यांच्या तांदळाचं पोतं दिसलं. त्यावर अजूनही दोघांची नावं शेजारी शेजारीच आहेत.