कानातला आकडा

आमच्या पाळकबाई, पास्तोरा हर्मिनिया बकानी म्हणाल्या की यापुढे मला कुठल्याच चर्चची मंडळी नको, तेव्हा समितीतल्या आम्हा सात जणांच्या हातातला पांदेसाल पाव हातातच राहिला. कॉफी गार झाली. कुणाला वाटलं आजारी आहेत, कुणाला वाटलं विश्वास उडाला.

आमच्यात पाळक स्वतःची जागा निवडत नाही. बिशप दरवर्षी परिषदेत यादी वाचतो. नावापुढे जे गाव येईल तिथं सामान उचलून जायचं. पास्तोरांना आमच्याकडे आठ वर्षं झाली होती, म्हणजे बदली होणार हे आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांना बदली नको होती आणि राहायचंही नव्हतं. मासळीबंदरावर नेमा, असा अर्ज त्यांनी बिशपच्या हाताखालच्या अधीक्षकांकडे दिला होता. पाळक म्हणूनच, पण मंडळीबाहेर. तिथं बाक नाहीत, घंटा नाही, रविवार नाही.

मंडळीत लहानथोर सगळे जिला आते म्हणजे थोरली बहीण म्हणतात, ती पुरिंग पहिल्यांदा बोलली. "बंदरावर तुमचं कोण ऐकणार, पास्तोरा? तिथं शिवीसुद्धा ओरडून द्यावी लागते."

"म्हणूनच तर जायचंय," पास्तोरा म्हणाल्या.

अशा पाळकाचं नाव कुठल्या तरी मंडळीला जोडलेलं लागतं. त्या मंडळीनं सभा भरवून हात वर करायचे, आणि पाळकानं वर्षातून एकदा तिथं येऊन कामाचा हिशेब द्यायचा. आम्ही हात वर केले नाहीत तर अर्ज तिथंच संपणार होता, आणि बिशप त्यांना डोंगरातल्या एखाद्या मंडळीवर पाठवणार होते. म्हणजे सगळं आमच्या हातात होतं.

मी कासियानो. एकतीस वर्षं बतिल्यो होतो. बतिल्यो म्हणजे होडीतून उतरलेले मासळीचे टब लोखंडी आकड्यानं ओढून ओट्यावर लावणारा. एका टबाला दोन माणसं. गुडघे गेल्यापासून घरी आहे. माणूस ओझं कसा उचलतो त्यावरून मी त्याला जोखतो. वादळात चर्चचं छप्पर उडालं तेव्हा पास्तोरा चार दिवस वाळूच्या बादल्या वाहत होत्या. पाठ ताठ, उचल गुडघ्यातून, बादली काठोकाठ पण सांडत नव्हती. त्यांचा बाप मिठागरावर होता, लहानपणी कावड वाहिलेली. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. झगा घातला की तो एका बाजूला लोंबतो. पाचव्या दिवशी त्यांनी उपदेश केला, तोही वेळेत संपवला.

असं अंग असलेल्या बाईनं बंदरावर नुसतं फिरायचं, हे मला पटत नव्हतं. फिरणं म्हणजे काम नव्हे.

आमच्या बंदरावर मासळीचा भाव कुणी ओरडत नाही. दलाल टबांपाशी उभा राहतो, गिऱ्हाईक त्याच्या कानाला तोंड लावून आकडा कुजबुजतं आणि मागं सरतं. ज्याचा आकडा मोठा, त्याचा माल. तिथं आकडे दोनच, एक आमच्या हातातला आणि दुसरा दलालाच्या कानातला.

मी सवयीनं अजून सकाळी सहाला तिथं जातो. त्या सोमवारी बर्फ फोडायच्या यंत्रामागं पास्तोरा दिसल्या. त्यांचं तोंड इमोच्या कानाला होतं. इमो म्हणजे बावीस वर्षं माझ्याबरोबर टब ओढलेला जोडीदार. बराच वेळ त्या काहीतरी सांगत होत्या. मग इमो तडक तेबान दलालाकडे गेला आणि त्याच्या कानाला लागला. तेबाननं मान हलवली. तारलीचे तीन टब बाजूला सरकले.

मी दोन्ही गोष्टी जोडल्या. आमची पास्तोरा इमोला पुढं करून बोली लावत होती. मला वाटलं, यासाठी बंदर हवंय.

डोळ्यांनी पाहिलेलं मी पोटात ठेवलं नाही. पुरिंगला सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं. कोणी म्हणालं, मीठ घरचं होतंच, आता मासळीही आली, खारवायचं दुकान तेवढं राहिलं. हसले सगळे. हसण्यात धक्का लपत नाही. जो तो पुन्हा पुन्हा विचारत होता, तू नक्की पाहिलंस ना.

रविवारी उपासनेनंतर अधीक्षक आले. हात वर करायची सभा होती, पण त्यांनी आधी सरळ विचारलं. पास्तोरा म्हणाल्या, मी मासळी विकत घेतली नाही, विकली नाही. मग त्या माणसाच्या कानात काय सांगितलंत, असं अधीक्षकांनी पुढं विचारलं.

"ते माझ्या मालकीचं नाही," पास्तोरा म्हणाल्या.

मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तेच मला जड गेलं. अधीक्षकांनी सभा आठ दिवस पुढं ढकलली. खरं निघालं तर अर्ज राहिला बाजूला, पाळकपणाचीच चौकशी लागेल, असंही बजावलं.

अर्धा भरलेला टब मी कधी ओढला नाही. ही गोष्टही मला अर्धी ठेवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी तेबानला गाठलं. इमोनं किती आकडा सांगितला, विचारलं. बंदरावर मला सगळे कुया, म्हणजे थोरला भाऊ म्हणतात.

"कसला आकडा, कुया सियानो? त्यानं सांगितलं की त्याचा डावा कान मेलाय. पहिल्यापासून. तुला ठाऊक नव्हतं?"

सरकवलेले टब दुसऱ्याच गिऱ्हाइकाचे होते. बाकीचंही तेबाननं सांगितलं. गेल्या महिन्यात बर्फाची गाडी मागं येताना इमोला घासून गेली, हाक डावीकडून होती. काम जाईल म्हणून तो कुणाला सांगत नव्हता. पास्तोरा दोन वर्षं पहाटे येऊन त्याच्या उजव्या कानाशी हेच बोलत होत्या, की तुझं तू सांग, तुझ्या वतीनं मी सांगणार नाही. त्या सोमवारी त्यानं सांगितलं. आता सगळे त्याला उजवीकडून हाक मारतात.

मी एका पालथ्या टबावर बसलो.

टबाला दोन कड्या असतात. डावी माझी, उजवी इमोची. म्हणजे बावीस वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला होतो. "ओढ" असं मी ओरडायचो आणि तो अर्धा श्वास उशिरा ओढायचा. मी त्याला आळशी म्हणालो. बर्फाचा गोळा म्हणालो. त्याच्या बायकोसमोर म्हणालो. एकदा टब कलंडला तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही; ते त्याला कळलंही नसेल. तो माझ्या खांद्याकडे पाहून ओढायचा. माझा खांदा खाली गेला की त्याचा हात चालायचा. ओझं तेवढंच, आणि वर ही पहाऱ्याची मेहनत. मेहनत मोजणारा म्हणवणाऱ्या मला ती दिसली नाही. मी बहिऱ्या कानाशी बोलत होतो आणि पास्तोरांना दोन वर्षांत चांगला कान सापडला होता.

इमो ओटा धूत होता. मी त्याच्या उजवीकडे जाऊन उभा राहिलो. बाजू बदललेली पाहून मला कानाचं समजलंय हे त्याला कळलं. इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीस, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू दुसरा जोडीदार घेतला असतास, कुया."

हे खोटं आहे का, असा विचार मी केला. खोटं नव्हतं.

मंडळीत सांगू का, असं मी त्याला विचारलं. "सांग," तो म्हणाला. "पण मोठ्यानं सांग. मीही येतोय."

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. जे पाहिलं ते खरं होतं, जे समजलो ते चुकीचं होतं, आणि चूक माझी, एवढं बोललो. मग इमोचा कान सांगितला. पुरिंगनं पंखा मांडीवर ठेवला. नंतर तिनंच पहिला हात वर केला, आणि पास्तोरांचं नाव आमच्या मंडळीला जोडायला एक्केचाळीस हात वर झाले. दोघांचे खालीच राहिले. त्यांचं म्हणणं, पाळक चर्चमध्येच हवा. माझंही आठ दिवसांपूर्वी तेच म्हणणं होतं, मी त्यांना काय बोलणार.

हात आमचे असले तरी यादी बिशपची. तिला दोन महिने होते. पास्तोरांनी खोकी बांधून ठेवली, कुठल्या गावासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मे महिन्यात परिषद भरली. मी मंडळीचा प्रतिनिधी होतो. इमोला बरोबर नेलं. पत्र्याखाली अंग शिजत होतं. शेवटच्या दिवशी बिशप वाचू लागले. मंडळीचं नाव, पाळकाचं नाव, की त्या मंडळीची माणसं उभी राहतात, अशी रीत आहे. आमचं नाव आलं, पुढं एका तरुण पाळकाचं. आम्ही उभे राहिलो, बसलो. मग एकेक करून डोंगरातल्या मंडळ्या आल्या. पास्तोरांचं नाव त्यात नव्हतं. यादी संपली तरी नव्हतं. पास्तोरा पुढच्या रांगेत होत्या, त्यांचा खाली उतरलेला खांदा मला मागून दिसत होता. तो हलला नाही.

बिशपनी आणखी एक कागद काढला. मंडळीबाहेरच्या नेमणुका. दोघं इस्पितळात, एक तुरुंगात. त्यांच्या नावाला कुणी उठलं नाही. उठायला तिथली माणसं कुठून येणार.

"हर्मिनिया बकानी. मासळीबंदर."

सभागृह बसूनच होतं. मी उठलो. गुडघ्यांना वेळ लागला. मी इमोच्या उजव्या बाजूला बसलो होतो, आणि बिशपनी वाचलेलं नाव त्याला नीट ऐकू गेलं होतं. तरी त्यानं आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं, आणि अर्धा श्वास उशिरा उठला.