गुरुवारचं पाखरू

बाई आधी माणसाच्या कानाकडे बघत, मग तोंडाकडे. दुकानात आल्या की चपला बाहेर काढायच्या, पिशवीतल्या बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायच्या आणि समोर जो बसला असेल त्याचे कान निरखायच्या. माझ्या बायकोला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा नमस्काराच्या आधी म्हणाल्या, "तुमचे कान मजबूत हायेत. वजन झेपते तुमाले." ही स्तुती होती की काय, हे बायकोला अजून उमगलेलं नाही.

मी अमरावतीच्या सराफ्यात चांदीकाम करतो. बाई अकोल्याच्या. तिथल्या एका उर्दू शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं यायच्या, काखोटीला बटर पेपरची गुंडाळी. शाळेतल्या फारसीच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी निवृत्त होताना त्यांना इराणी चित्रांचं जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्यातलं एकही अक्षर बाईंना वाचता येत नव्हतं, पण चित्रं तोंडपाठ होती. त्यातली फुलं, झाडं, तो निळा रंग उचलून त्या आजच्या बायकांना घालता येतील असे दागिने काढायच्या. बाकीची गिऱ्हाइकं मोबाइलमधला फोटो पुढे करतात आणि "अस्संच पायजे" म्हणतात. तुम्हीही करत असाल, लाजू नका. बाई मात्र कोरा कागद पसरायच्या.

एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांच्या कागदावर बोट ठेवलं. "ही कोयरी छान हाय."

"कोयरी नाई ताई, सुरूचं झाड हाय. हवेनं वाकलं."

"मंग माह्या साडीवर काय हाय?"

"झाडच."

ती बाई जिना उतरेपर्यंत स्वतःचा पदर उलटापालटा करून बघत होती. बाईंनी नंतर मलाही तीन गुरुवार तेच समजावलं. मी मान डोलावत गेलो, कारण कारागिरानं मान डोलावली की काम लवकर उरकतं, असा माझा अनुभव.

पण बाईंचं काम लवकर उरकायचं नाही. विशेषतः ती कर्णफुलं. त्यांच्या पुस्तकात पानोपानी एकच जोडी होती, गुलाब आणि त्याच्याकडे टक लावून बसलेला बुलबुल. बाईंनी ती जोडी फोडली. एका कानात गुलाब, दुसऱ्या कानात बुलबुल, आणि मधे घालणारीचा चेहरा. पाखरानं चेहऱ्यापलीकडच्या फुलाकडे बघायचं. मी इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण असली कल्पना कुणी माझ्या पाटावर आणून ठेवली नव्हती. लेकीसाठी करायची होती. लेक बंगलोरला नोकरीला. "दिवाळीले येऊन राहिली," असं बाई सांगायच्या. ती दिवाळी गेली, मग पुढचीही दिवाळी गेली.

तोवर कर्णफुलंही होत राहिली. कधी चोच बोथट, कधी मीन्याचा रंग हवा तसा निळा नाही, तर कधी देठ जास्तच ताठ. मी कुरकुरलो की बाई ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "घाई नोका करू भाऊ, पाखरू उडून जाईन." मग डबा उघडायच्या. डब्यात नेहमी एक पोळी जास्त असायची. ती माझी, हे कुणी ठरवलं नव्हतं. खाता खाता त्या शाळेतल्या गोष्टी सांगायच्या आणि तीनच्या गाडीला निघायच्या.

शेवटी मीच वैतागलो. एका आठवड्यात बसून दोन्ही कर्णफुलं पुरी केली, मीना भरला, भट्टीतून काढली, पॉलिश केली. गुरुवारी बाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"भाऊ, पाखरानं तर पाठ फिरवली."

खरंच होतं. घाईत मी चित्राचा बटर पेपर चांदीच्या पत्र्यावर उलटा चिकटवला होता. आरपार दिसणारा कागद, उलटसुलट कळलं नाही. उजव्या कानातला बुलबुल गुलाबाकडे बघायचा सोडून खांद्यापलीकडे बघत होता.

"नवीन करा लागते," बाई म्हणाल्या आणि डबा उघडायला लागल्या.

माझी हुशारी तेव्हाच जागी व्हायची होती. म्हणालो, "काहून बाई? कान बदला. पाखरू डाव्या कानात, गुलाब उजव्या. झालं काम."

बाई आरशासमोर गेल्या. कान बदलून धरून पाहिलं. पाखरू बरोबर फुलाकडे बघत होतं. त्यांनी दोन्ही फुलं डबीत ठेवली.

"हो की," म्हणाल्या. "आता तं झालंच."

त्या दिवशी त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला, स्वतः जेवल्या नाहीत आणि बाराच्याच गाडीनं गेल्या. मी खूश होतो. दोन वर्षांचं भिजत घोंगडं हातावेगळं झालं होतं.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काम संपवून मी त्यांचं येणंच संपवलं, हे मला तेव्हा कळलं, आणि कळून मी काय केलं? फोन करीन म्हणालो. काय काम सांगून करायचा, हेच सुचेना. माणूस आठवतो म्हणून फोन करतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हिवाळा सरता सरता त्यांची लेक दुकानात आली. तिनं नाव सांगायच्या आधी माझी नजर तिच्या कानांवर गेली. कान मोकळे होते.

"आई गेली, काका," ती म्हणाली. "तिच्या कपाटात ही डबी होती. मी तर कानात काही घालत नाही, छिद्रं केव्हाच बुजली. पण आत चिठ्ठी आहे, तुमच्यासाठी."

कानच बघत आलेल्या बाईंना लेकीचे कान ठाऊक नव्हते, असं मला वाटत नाही.

बटर पेपरच्या तुकड्यावर शाळेतलं गोल अक्षर होतं. 'भाऊले दाखवणे. गुलाबाची खालची पाकळी जाड झाली. गुरुवारी.'

मी भिंग लावलं. पाचही पाकळ्या सारख्या होत्या.

"खरंच जाड आहे का?" लेकीनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "घासा लागते. वेळ लागीन."

ती रविवारी परत जाणार होती. पत्ता लिहून दिला, झालं की कुरिअर करा म्हणाली.

अजून केलेलं नाही. दर गुरुवारी डबी उघडतो, पाकळीवर कानस नुसती धरतो, घासत नाही, आणि तीनची गाडी जाईपर्यंत बसतो.