रॉटरडॅमची रेकॉर्ड आणि बाळापूरची वरात

मे महिन्यात कुणी अकोल्याला जातं का? आम्ही गेलो! आणि कपड्यांच्या बॅगेपेक्षा जड स्पीकर घेऊन गेलो. तो उचलला मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ज्याला जॅझ म्हणजे फडताळातली भांडी कोसळल्याचा आवाज वाटतो. प्रेम म्हणतात ते हेच असावं.

निमित्त विलास तायडे. मूळचा अमरावतीचा हा माणूस बरीच वर्षं रॉटरडॅमला राहतो आणि सॅक्सोफोन असा वाजवतो, की मी तव्यावरची पोळी करपू देते. त्याच्या एकूण एक रेकॉर्डवर मी या ब्लॉगवर लिहिलंय, तुम्हाला वीट येईपर्यंत. त्यांची गंमत अशी की एकही धून संपत नाही. एकीतून दुसरी निघते आणि शेवटी नुसता आवाज बारीक होत जातो. तो वाजवतोच आहे, आपणच लांब चाललोय, असं वाटतं.

तर विलासचा मला मेल आला. नवी रेकॉर्ड तयार होती, पण त्याला शिकवणाऱ्या गुलाब मास्तरांनी ऐकून होकार दिल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. मास्तरांचा अकोल्यात लग्नाचा बँड आहे. फोनवर ऐकायला ते तयार नाहीत, तर तुम्ही नेऊन ऐकवाल का? मी मंदारला न विचारताच हो कळवून टाकलं.

पहिला मुक्काम अमरावती, विलासच्या बहिणीकडे, लताताईंकडे. बडनेरा स्टेशनला उतरून रिक्षा करा, भाडं आधी ठरवा आणि घर गाठण्यापूर्वी गिला वडा खा. दह्यात बुडालेला, वर तिखट-गोड चटण्या. मंदारनं दुसरी प्लेट मागवली तेव्हाच मला कळलं, ही सहल पार पडणार.

लताताई दारातच बोलायला लागल्या. "म्या ऐकवलं होतं मास्तरले फोनवर. म्हणे, हे काय पिपाणी वाजून राह्यली? बंद कर!"

"आणि त्यांना नाही आवडली तर?"

"त थो काढनच नाई. जयंतीच्या मिरवणुकीत मास्तरनं पयल्यांदा बँडात उभा केला त्याले, तईपासून त्यायच्या हाताकडंच पायते." मग पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या, "इतके वर्स झाले, घरी नाई आला. बोलावलं का म्हणते, काम हाय."

दुसऱ्या दिवशी लताताईंना घेऊन भाड्याच्या गाडीनं मूर्तिजापूरमार्गे अकोला. रस्ता छान, ऊन भयंकर. पाणी भरपूर ठेवा आणि पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा दिसला की गाडी थांबवा. तिखटानं घाम फुटतो आणि त्या घामानंच गार वाटतं, हा शोध मंदारचा.

मास्तर घरी नव्हते. वरात घेऊन बाळापूरला गेले होते. मग आम्हीही बाळापूर! किल्ल्याच्या अलीकडे बँड दिसला. त्या उन्हात लाल कोट, सोनेरी झालर आणि मधोमध सॅक्सोफोन घेतलेले मास्तर, मिशा पांढऱ्याशुभ्र. लताताईंना पाहून त्यांनी क्षणभर तोंडातून वाद्य काढलं. "आधी वरात, मंग रेकॉर्ड!"

आम्ही वरातीत शिरलो. घोडा अडला, जनरेटरची गाडी बंद पडली, एक काका नाचता नाचता बसकण मारून बसले, पण धून थांबेना. एकानं दम घेतला की दुसरा सूर धरायचा. मी नाचले. मंदार खांद्यावर स्पीकर घेऊन नाचला! अखेर मांडवापाशी नवरदेव घोड्यावरून उतरला, मास्तरांनी हात वर केला आणि सगळं एकदम शांत.

"हेच! विलास असंच वाजवतो!" मी ओरडलेच.

"मंग कसं वाजवन?" मास्तर घाम पुसत म्हणाले. "नवरदेव उतरल्याबिगर धून सोडाची नाई. अन् उतरला का नाई, थे मी सांगन. म्या हात वर केला का बंद."

जेवणं झाल्यावर मांडवामागे स्पीकर लावला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. लताताई पदराचं टोक पिळत होत्या. शेवटच्या धुनेत सॅक्सोफोन हळूहळू खाली आला आणि चक्क थांबला. विलासची संपलेली पहिली धून! मला रडू आलं.

मास्तरांनी डोळे उघडले. "हे काहून थांबलं?"

"शेवट आहे, मास्तर."

"म्या हात वर केला का?"

मी लताताईंकडे पाहिलं, लताताईंनी स्पीकरकडे.

"वाजवलं एक नंबर. पोट्ट्यानं नाव काढलं. पण शेवट आपल्या मनानं नाई करता येत. थो कापा अन् मंग काढा रेकॉर्ड."

रेकॉर्डमधला सगळ्यात सुंदर तुकडा कापायचा! मी चिडलेच. "अहो, तो तिकडे रॉटरडॅमला. तुमचा हात त्याला दिसणार कसा?"

"थे त्यानं पाहावं," असं म्हणून मास्तर सॅक्सोफोन पुसायला लागले. लताताई मात्र हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पुण्याला परतल्यावर मी भीत भीत विलासला सगळं कळवलं. बरेच दिवस उत्तर नाही. मला वाटलं, रेकॉर्डही गेली आणि ओळखही. सोबत काय उरलं, तर उन्हानं सोललेलं नाक आणि एक घोडा. विलासच्या जुन्या रेकॉर्ड लावल्या की आता मला तो अडलेला घोडा दिसतो आणि नाचावंसं वाटतं. मंदार तर भाजी चिरताना जॅझ गुणगुणतो, बेसूर, पण गुणगुणतो.

मग एका रविवारी उत्तर आलं. "शेवट कापला. आता तो मास्तरांसमोरच वाजवावा लागणार. लग्नसराई कधीपर्यंत आहे, विचाराल?"

मी लताताईंना फोन केला, लताताईंनी मास्तरांना. तासाभरात मास्तरांचा निरोप आला. "म्हणा, तुया लाल कोट हाय अजून. पोट सुटलं असन त माप धाड."

विलासनं माप धाडलं. काल लताताईंचा फोन होता, कोट उसवायला टाकलाय.