चिठ्ठ्यांना कुलूप नको

समोरचा माणूस बोलण्यात रंगला की ते डावा हात वर करायचे, चौकात गाड्या थांबवाव्यात तसा. उजवा हात तोवर खिशातल्या पेनाकडे गेलेला असे. "थांबा. एवढं लिहून घेतो." समोरचा अर्धं वाक्य तोंडात धरून उभा राही. दोन ओळी लिहून झाल्या की हात खाली येई आणि ते म्हणत, "हां, चालू द्या."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. लग्नाच्या पंगतीत, बसच्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर काहीतरी टिपून घेणारा. आपण त्याला थोडं हसतो. मीही हसले होते.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ते आयुष्यभर तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला भाग पास की बाद, हे त्यांनी ठरवायचं आणि त्यावर टॅग बांधायचा. पासला हिरवा, पुन्हा काम करायचं असेल तर पिवळा, बादला लाल. एकदा छपाई चुकलेल्या टॅगचे गठ्ठेच्या गठ्ठे भंगारात निघाले. साहेबांना विचारून त्यांनी ते घरी आणले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत राहिले.

ते कामगारांचं बोलणं लिहीत. 'ड्रिल बोथट झालं की आधी आवाज बदलतो, मग चुरा बदलतो. चुरा दिसेपर्यंत थांबलास तर उशीर झाला.' 'हातमोजे घातले तर धार कळत नाही, काढले तर हाताची खात्री नाही.' 'तिसरी शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी सातला गुड नाइट म्हणतो, आणि घरात कुणाला हसू येत नाही.' खाली बोलणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर, खात्याचं पहिलं अक्षर. त्या खुणा त्यांच्याशिवाय कुणालाच लागत नसत.

माझं वाचनालय म्हणजे विहाराशेजारची एक खोली. चार कपाटं, दोन बाकं, कुणीतरी देणगी दिलेला एक संगणक. गुरुवारी वर्कशॉपना सुट्टी असते, गल्ली शांत असते. अशाच एका गुरुवारी ते तीन बिस्किटांचे डबे घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवले. डबे टॅगनी गच्च भरले होते.

"ताई, डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय. हे सगळं आत घालायचंय," त्यांनी संगणकाकडे बोट केलं. "आणि मला वाचता येतंय तोवर घालायचंय. माझ्यामागं हे कुणालाच वाचता येणार नाही."

मी म्हटलं, "घालू की. टिपणं ठेवायची किती तरी सॉफ्टवेअर आहेत. फुकटसुद्धा."

"फुकट पाहिजेच. पण कुलूप नको."

या कुलपाची गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. नोकरीला लागले तेव्हा ते पत्र्याच्या चाळीत भाड्याने राहत. चाळमालकांच्या दोन भावांत भांडण झालं आणि एका दुपारी धाकट्याने सगळ्या खोल्यांना कुलपं ठोकली. कपडे, स्टोव्ह पंधरा दिवसांनी मिळाले. लिहिलेल्या दोन वह्या मिळाल्या नाहीत. "कपडे परत आले, पण माणसांचं बोलणं गेलं. त्यातली निम्मी माणसं गावाकडं निघून गेली होती, पुन्हा कुठं विचारणार?"

त्यांचे जावई हिंजवडीत संगणकाच्या कामात. ते म्हणाले, "बाबा, मी चांगल्यातलं घेऊन देतो ना. महिन्याच्या महिन्याला आपोआप पैसे जातील, तुम्हाला बघायलाही नको."

"जावईबापू, भाड्याच्या खोलीत राहून झालंय माझं."

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जन्मभर लोकांचं लोखंड बाद केलं, आता लेकराचं बोलणं बाद करतायत."

मग आम्ही सॉफ्टवेअर निवडायला बसलो, म्हणजे त्यांनी तपासणी लावली. मी एकेक उतरवून घ्यायची, ते वहीत रकाने आखायचे. नावं इंग्रजी आणि विचित्र, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक 'पिवळं', कारण त्यात टिपणं पिवळ्या कागदासारखी दिसत. एक 'झाडाचं', त्यात टिपणाला फांद्या फुटत. एक 'कप्प्यांचं'.

चाचण्या तीनच. पहिली: इंटरनेटची वायर काढा, उघडतंय का? दुसरी: दहा चिठ्ठ्या आत घाला, दहाच्या दहा बाहेर काढा, साध्या फाइलमध्ये वाचता येतायत का? तिसऱ्या चाचणीला मी घाबरायची.

"आता ते सॉफ्टवेअरच काढून टाका."

"काका, आत्ताच तर टाकलंय."

"काढा. आणि मग चिठ्ठ्या दाखवा."

पिवळं वायर काढल्याबरोबर गप्प झालं. त्याला लाल टॅग. झाडाच्यातून चिठ्ठ्या बाहेर आल्या, पण अशा फाइलमध्ये की ती पुन्हा त्याच झाडाखाली नेल्याशिवाय उघडेना. "म्हणजे किल्ली दिली, पण दार त्यांच्याच घराचं," ते म्हणाले. लाल टॅग. ते खरोखरच टॅगवर नाव लिहीत आणि माझ्या खिडकीच्या गजाला बांधत. महिनाभरात गजावर सात लाल टॅग लटकले. वाचनालयात येणारे विचारत, "काय राव, नवस बोललात का?"

कप्प्यांचं टिकलं. ते काहीच विशेष करत नसे. प्रत्येक चिठ्ठीची साधी फाइल करून आपल्याच संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि शोधून द्यायचं, बस्स. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी फोल्डर जिथल्या तिथे. शोधून पाहण्यासाठी मी 'धार' लिहिलं, तर 'आधार' आणि 'अंधार' असलेल्या चिठ्ठ्याही आल्या. मला वाटलं, आता लाल टॅग. ते हसले. "राहू द्या. शेजारी आहेत."

हिरवा टॅग बांधला आणि आम्ही भराभर कामाला लागलो. ते वाचत, मी टाइप करत असे. दोन महिन्यांत दीड डबा रिकामा झाला.

मग ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन लेकीकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले होते. लेकीच्या संगणकावर एकही मराठी अक्षर उमटलं नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं.

मला क्षणात कळलं. पूर्वी मी लग्नपत्रिका छापायच्या दुकानात टायपिंगचं काम करत होते. बोटांना तिथल्या जुन्या फॉन्टची सवय, म्हणून मी त्यातच टाइप केलं होतं. तो फॉन्ट ज्या संगणकावर असतो तिथेच ते मराठी असतं. बाकी सगळीकडे कचरा. दीड डबाभर चिठ्ठ्यांना मीच कुलूप घातलं होतं.

मी माफी मागू लागले. त्यांनी डावा हात वर केला, पण या वेळी पेन काढलं नाही.

"चूक माझी. ज्या टेबलावर केलं त्याच टेबलावर तपासलं. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हे सांगायचो मी, की दुसऱ्या टेबलावर तपास. म्हाताऱ्याला कोण सांगणार?"

जावयांनी जुनी अक्षरं नव्यात बदलणारी एक सोय शोधून दिली. तिच्यातून गेलेल्या चिठ्ठ्यांत जोडाक्षरं मोडली, रफार भलत्याच अक्षरावर बसले. ते पाच-सहा चिठ्ठ्या पाहून म्हणाले, "हे त्या माणसांचं बोलणं नाही. पिवळा टॅग. पुन्हा करू."

"काका, दोन महिने गेलेत."

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि त्यांनी पहिला डबा पुढे ओढला.

दुसऱ्यांदा वाचताना त्यांना जास्त आठवू लागलं. हा बोलला तेव्हा त्याच्या हातात जेवणाचा डबा होता, ही बोलली तेव्हा लाइट गेली होती. मी तेही लिहीत गेले. मधे त्यांना दम लागे. मी पंखा वाढवून उगाच कपाटं पुसत बसे. ते पुन्हा चष्मा लावत. एका गुरुवारी त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मी खुर्ची त्यांच्या शेजारी नेली. "आज किती?" ते विचारत. मी आकडा सांगे. "अजून दोन," ते म्हणत.

उन्हाळा संपता संपता ते गेले. तिसरा डबा निम्मा राहिला होता.

लोक मला म्हणाले, दुसऱ्या वाचनात जास्तीचं ऐकायला मिळालं ना, मग वाईट कशाला वाटून घेता? पण मला हिशोब टाळता येत नाही. ते दोन महिने माझ्या बोटांनी खाल्ले. ते महिने हाती असते तर तिसरा डबा पुरता त्यांच्याच तोंडून उतरला असता.

उरलेल्या चिठ्ठ्या मी एकटी उतरवते. जिथे खूण लागत नाही तिथे अंदाज करत नाही, आहे तशी लिहिते. आणि दर गुरुवारी न लागलेली एक चिठ्ठी मोठ्या अक्षरांत छापून बाहेरच्या फळ्यावर लावते. बरेच गुरुवार नुसतेच गेले.

गेल्या महिन्यात एक बाई फळ्यापुढे बराच वेळ उभ्या दिसल्या. साठीच्या असतील, हातात भाजीची पिशवी. फळ्यावर लिहिलं होतं: 'मोजू नको, ऐक. — शां., प्रे.'

"ह्ये म्या बोलले व्हते," त्या दारातूनच म्हणाल्या. "शांता. प्रेसवर व्हते मी. पर ह्ये अर्धंच हाय."

मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी सांगितलं, एक नवी मुलगी प्रेस मशीनवर पीस मोजत बसली होती, मोजता मोजता तिचा हात आत राहिला असता, तेव्हा त्या ओरडल्या होत्या. पुढचं वाक्य लिहायच्या आत भोंगा झाला होता.

"साहेब कुठायत? म्हनले व्हते, उरलेलं उद्या घेतो."

मी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदराने खुर्ची पुसली आणि त्या संगणकासमोर बसल्या.

"मग म्या सावकाश सांगते," त्या म्हणाल्या. "तुमी लिवा, आन् लिवलं की मला वाचून दाखवा."