टायटॅनियमने आ वासला तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगळूरला आले, ती एका सरकारी धातुसंशोधन संस्थेत. टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या जाड पट्ट्या भट्टीत तापवायच्या आणि रोलिंग मिलच्या दोन रुळांमधून काढून पातळ करायच्या, हे माझं काम. हा धातू भारी मानी. नीट तापलेला असला तर मुकाट्याने पसरतो. जरा गार झाला की तडकतो. आमचे संचालक त्याच्याहून मानी. ते बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातले, त्यामुळे माझ्याशी कानडीत घोळलेलं मराठी बोलत.

एकदा दिल्लीहून एक बडे सचिव येणार होते. संचालकांनी मिलला नवा रंग दिला, रुळांना हळदकुंकू वाहिलं आणि मला बजावलं, "पाहुणे आत आले की पट्टी बाहेर दिसली पाहिजे. लालबुंद. फोटो छान येतो."

पाहुणे आले, पट्टी बाहेर आली आणि संचालकांनी माइक हातात घेतला. देशाची विमानं झाली, देशाची मान उंचावून झाली. पट्टीचा केशरी रंग उतरत विटेसारखा झाला. मी मागून जाऊन कुजबुजले, "सर, गार झाली. परत भट्टीत घालू या."

"स्वल्प थांब की गं. अजून लाल दिसतेय."

"दिसतेय, पण रुळात फुटेल."

"सचिव समोर उभे असताना? छे!"

टायटॅनियमला सचिव ओळखू येत नाहीत. पट्टी रुळांत शिरली, मिल कण्हली आणि फाडकन आवाज झाला. पट्टीचं पुढचं टोक जाडीत मधोमध चिरलं आणि वरखाली उघडलं, मगरीने आ वासावा तसं. कडांचे तुकडे फरशीवर उडाले. सचिव हारासकट मागे सरले.

"हे... असंच व्हायचं होतं?" त्यांनी विचारलं.

संचालकांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "होय सर! धातू कसा मोडतो, यावरच आमचं मूलभूत संशोधन चाललंय."

"वंडरफुल!" सचिव म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या; नोकरी नवी होती.

दिल्लीने खरोखरच प्रकल्प मंजूर केला आणि तो माझ्या गळ्यात पडला. पुढची काही वर्षं मी चांगल्या पट्ट्या मुद्दाम गार करून फोडत बसले. आधी नुसता संताप यायचा. पण सूक्ष्मदर्शकाखाली तडे बघता बघता ते कुठून सुरू होतात, कसे पसरतात, हे कळू लागलं आणि मी त्यात रमले. निष्कर्ष मात्र एका ओळीचा निघाला: पट्टी गार होण्याआधी रोल करावी. ती भाषणाने गार होते, हे अहवालात कुठल्या सदराखाली लिहायचं ते मला सुचलं नाही.

शेवटी एके दिवशी मिलमधून पत्रा निघाला, त्याच्या कडा अखंड. केसाएवढी भेग नाही. मी संचालकांना बोलावलं. त्यांनी पत्रा उलटापालटा करून पाहिला.

"तडा कुठाय?"

"नाहीच सर. एकही नाही."

"अय्यो! मग प्रकल्प संपला की! पुढच्या आठवड्यात दिल्लीचे लोक आढाव्याला येतायत. एखादी फुटकी आहे का शिल्लक?"

मी फडताळातली एक फुटकी पट्टी त्यांना दिली. चांगला पत्रा विमान कारखान्याच्या लोकांना हवा होता. तो मी गोणपाटात गुंडाळला आणि जीपमध्ये मांडीवर धरून स्वतः पोचवून आले.